लाल चिठ्ठीचं टेबल

मास्तरीणबाईंनी आयुष्यात कुणाला बाराखडी शिकवली नव्हती. त्यांचा नवरा शिंपी. शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात, आणि मास्तरांची बायको ती मास्तरीणबाई, एवढंच त्या नावामागचं शिक्षण. दोघांनी मिळून तीस वर्षं एका चिंचोळ्या दुकानात लोकांचे कपडे शिवले. मग तयार कपडे इतके स्वस्त झाले की एका शर्टाच्या शिलाईत दोन शर्ट यायला लागले. गिऱ्हाईक तुटलं, दुकान बसलं, मागोमाग मास्तरही गेले. एकट्या मुलाच्या पगारात घर चालेना, तेव्हा साठीला टेकलेल्या मास्तरीणबाई शहराबाहेरच्या एका अवाढव्य गोदामात नोकरीला लागल्या.

काम कापायचं होतं. ऐकून त्यांना बरंच वाटलं होतं. म्हणाल्या, चला, हात ओळखीच्या कामालाच लागणार. पण शिंपी कापतो ते शिवायला. इथे कापायचं होतं ते कुणी घालू नये म्हणून.

आता हे नीट ऐका, कारण आपल्यापैकी पुष्कळांना ते ठाऊक नसतं. मोबाइलवर बोट टेकलं की कपडा दारात येतो. नाही आवडला तर फुकटात परत जातो. परत गेलेला कपडा घडी घालून दुसऱ्या कुणाला पाठवत असतील, अशी आपली भाबडी समजूत. काही जातातही. पण एखाद्याचं बटण सैल असतं, एखाद्याला अत्तराचा वास येतो, एखाद्याचा हंगाम सरलेला असतो. असा कपडा तपासायचा, धुवायचा, इस्त्री करायचा, तर नवा बनवण्यापेक्षा महाग पडतो. मग त्याच्यावर लाल चिठ्ठी लागते आणि तो मास्तरीणबाईंच्या टेबलावर येतो. छातीवर एक आडवा काप, दोन्ही बाह्यांना एकेक, पँट असली तर दोन्ही पायांना. मग पिंपात. दिवसाला असे चारशे.

त्यांनी मुकादमाला एकदा विचारलं होतं, की अहो, हे कुणा गरजवंताला का देत नाही. मुकादम म्हणाला, फुकट मिळायला लागलं तर विकत कोण घेईल, भाव पडेल. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याला वरून सांगितलं होतं ते त्याने खाली सांगितलं. मास्तरीणबाईंनी विचारणं सोडून दिलं. नोकरीवर घेतानाच एका कागदावर सही घेतली होती, की आतलं बाहेर बोलायचं नाही. त्यामुळे घरीसुद्धा त्या एवढंच सांगत की परत आलेल्या कपड्यांचं काम आहे. मुलाला वाटायचं, आई घड्या घालते.

मुलगा इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. सून दाताच्या डॉक्टरकडे पुढच्या टेबलावर बसून पेशंटच्या वेळा लावून द्यायची. सून गुणी होती, हे मास्तरीणबाई भांडणातसुद्धा कबूल करत. कुणाचं दुखलंखुपलं तर पहिली धावणार, उलट बोलणार नाही, आणि बोलली तर खरं बोलणार. खोड एकच. पार्सल. दाराची घंटा वाजली की ती हातातलं काम टाकून उठायची. एकच कपडा तीन मापांत मागवायची, बसेल तो ठेवायची, दोन परत. कधी तिन्ही परत. मुलगा म्हणायचा, आपल्या घरात माणसं तीन आणि खोकी तेरा. मास्तरीणबाई कुरकुरल्या की सून हसून म्हणायची, "आई, परत करायला पैसे कुठे लागतात?" ह्यावर मास्तरीणबाईंच्या ओठांवर जे यायचं ते त्या गिळून टाकत. सही केली होती ना.

मग तो कोट आला. राखाडी रंगाचा, जाड लोकरीचा, आतून रेशमी अस्तर. मास्तरीणबाईंनी अस्तर चिमटीत धरून बघितलं आणि बऱ्याच दिवसांनी मनापासून म्हणाल्या की शिवलाय चांगला. सुनेला बाह्या लांब होत होत्या. मास्तरीणबाईंचा हात सवयीने टाचण्यांच्या डबीकडे गेला. दोन बोटं वर घेऊन त्यांनी बाहीला टाचणी लावली, हिरव्या काचेच्या डोक्याची. मास्तरांनी आणलेल्या टाचण्यांपैकी ती उरलीसुरली. सून आरशापुढे पुढून-मागून फिरली, आणि ह्या रंगात मी आजारी दिसते म्हणून दुसऱ्या दिवशी कोट खोक्यात घालून परत पाठवला.

आठ दिवसांनी तो मास्तरीणबाईंच्या टेबलावर. लाल चिठ्ठीवर कारण लिहिलेलं होतं: वापरलेला, बाहीत टाचणी.

त्यांनी बाही उलटी केली. हिरवं डोकं. क्षणभर त्यांना वाटलं की कुणीतरी थोबाडीत मारली. एवढा चांगला कोट, कुणाच्या अंगाला दहा हिवाळे पुरला असता, आणि तो मरायला आला तो कुणामुळे, तर त्यांच्याच टाचणीमुळे. शेजारच्या टेबलावरच्या बाईने विचारलं, काय झालं, बरं वाटत नाही का. मास्तरीणबाई काही नाही म्हणाल्या. टाचणी काढून पदराला लावावी तशी स्वतःच्या कॉलरला लावली आणि कोट कापला. खोटं कशाला सांगा, कापला. लोकर जाड होती, दोन्ही हातांनी जोर लावावा लागला.

घरी जाताना बसमध्ये त्यांच्या डोक्यात तिडीक उठली ती काही केल्या बसेना. कंपनीचा राग आला. सुनेचा राग आला. स्वतःचा तर इतका आला की समोरच्या सीटवरचा माणूस बिचकून जागा बदलून बसला. ज्या हातांनी तीस वर्षं फाटलेलं सांधलं, त्या हातांना आज धडधाकट कपडे फाडायचा पगार मिळतो, आणि आपण तो महिन्याच्या महिन्याला मुकाट्याने घेतो. तोंडाला कुलूप लावून.

घरात शिरल्या तेव्हा सून पाय दुमडून बसली होती आणि मोबाइलवर दुसरा कोट बघत होती. मास्तरीणबाईंनी टाचणी तिच्यासमोर ठेवली.

"तुझा तो कोट मी आज कापला," त्या म्हणाल्या.

सुनेला आधी कळेचना. मग मास्तरीणबाईंनी सगळं सांगितलं. लाल चिठ्ठी, आडवा काप, पिंपं, चारशे. सांगता सांगता आवाज चढला, तो मुलाने खिडकी लावून घ्यावी इतका. सुनेने टाचणी उचलून बघितली आणि ती स्वयंपाकघरात गेली. राग आला की ती भांडी घासते. त्या दिवशी तिने घासलेली भांडी पुन्हा घासली, मग फडताळातली ठेवणीतलीसुद्धा काढली. पुसून झाल्यावर हात कोरडे करत बाहेर आली आणि म्हणाली, "मी तीन महिने काही विकत घेणार नाही. खाणं आणि औषधं सोडून काही नाही. आणि ह्या इमारतीत दुसऱ्या कुणाला घेऊ देणार नाही."

मुलगा म्हणाला, चार दिवस चालेल हे. मास्तरीणबाईंनाही तसंच वाटलं होतं.

पण पोरगी बोलल्यासारखी वागली. इमारतीतल्या बायकांचा मोबाइलवर एक गट होता. पाणी कधी जाणार, लिफ्ट का बंद, कुणाची मांजर हरवली, असलं त्यावर चालायचं. सुनेने त्यावर सगळं लिहिलं. कुणी सांगितलं ते लिहिलं नाही, पण खात्रीची माहिती आहे, शब्द देते, असं लिहिलं. तिच्या शब्दाला इमारतीत किंमत होती. तीसेक घरांतल्या बावीस बायका तिच्या बेतात सामील झाल्या. पहिल्या मजल्यावरची केकवाली आली, जी घरी केक करून विकायची आणि तिच्याकडे केकच्या साच्यांपेक्षा चपला जास्त होत्या. तिसऱ्या मजल्यावरची नर्स आली. वकीलबाई आल्या, पण आपण फक्त तत्त्व म्हणून येतोय, असं तिघींना बजावून. खाली दारावर कागद चिकटला: ह्या इमारतीत तीन महिने पार्सल येणार नाही. पार्सलवाले येत, कागद वाचत आणि चुकीच्या पत्त्यावर आलो की काय म्हणून पुन्हा नंबर बघत.

पहिले दोन आठवडे सगळ्यांनी एकमेकींच्या कागाळ्या केल्या. अमकीने गुपचूप दिवा आणला, तमकीने नवऱ्याच्या नावावर मागवलं. नर्सच्या बुटाचा तळ सुटला तर तो चिकटवायचा की नवा घ्यायचा, ह्यावर गटात दोन दिवस वाद झाला. शेवटी चिकटवला. मग हळूहळू बायका मास्तरीणबाईंकडे यायला लागल्या. कुणाची चेन गेलेली, कुणाचं अस्तर लोंबलेलं, कुणाचा मुलीला आखूड झालेला झगा. रविवारी जिन्याखाली टेबल टाकून मास्तरीणबाई बसू लागल्या. ओरडत, टाके घालायला शिकवत. "दोरा केवढा घेतलास, पतंग उडवायचाय का?" असं त्या केकवालीला म्हणाल्या तेव्हा सगळ्याजणी हसल्या. पाच आठवडे असे गेले. आणि मास्तरीणबाई सोमवार ते शनिवार गोदामात कापत होत्या. रविवारी सांधायचं, सोमवारी फाडायचं. त्यांना स्वतःची लाज वाटायची, पण पगार सोडवत नव्हता.

बातमी गल्लीबाहेर गेलीच. शेजारच्या दोन इमारतींनी तसाच कागद लावला. एका वर्तमानपत्राने चार ओळी छापल्या, की म्हणे ह्या मोठ्या कंपनीच्या गोदामात नवे कपडे कापले जातात, असं ह्या इमारतीतल्या एका रहिवासी बाईंचं म्हणणं आहे. खाली सुनेचा फोटो. कंपनीत पत्ते तर सगळ्यांचे लिहिलेले असतातच. कोण कुणाची सासू हे शोधायला त्यांना एक सकाळ पुरली असेल.

मंगळवारी मुकादम टेबलाशी आला आणि खाली मान घालून म्हणाला, वर बोलावलंय.

वरच्या ऑफिसात एक तरुण साहेब बसले होते. आवाज मऊ, बोलणं साखरेत घोळलेलं. त्यांनी आधी पाणी दिलं, मग गुडघे कसे आहेत विचारलं, मग एक कागद पुढे सरकवला. मास्तरीणबाईंनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. त्यात लिहिलं होतं की मी अमुक वर्षं ह्या गोदामात काम करते. परत आलेला प्रत्येक कपडा गरजूंपर्यंत पोहोचतो हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या सुनेने घरगुती रागातून कंपनीबद्दल खोटी गोष्ट पसरवली, त्याचं मला वाईट वाटतं.

"हे खरं नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"खरंखोटं बघायला आमचे वकील आहेत, आजी," साहेब म्हणाले. "तुम्ही नुसती सही करायची. उद्या सकाळपर्यंत आणा. नाही आणलीत तर मग आम्हाला तुमचा पहिला कागद काढावा लागेल, आतलं बाहेर बोलल्याचा. नोकरी तर जाईलच, वर कोर्टकचेरी. ह्या वयात कशाला?"

आणि वर त्यांनी एक पाकीट दिलं. तुमच्या इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल छोटीशी भेट, म्हणाले. मास्तरीणबाईंनी उघडलं तर आत खरेदीचं कुपन. कंपनीच्याच दुकानातून काहीही मागवा, अर्ध्या किमतीत. चोर तो चोर आणि वर शिरजोर. मास्तरीणबाईंना ते पाकीट त्या गुळगुळीत चेहऱ्यावर फेकावंसं वाटलं. पण फेकलं नाही. कागद घेतला, पाकीट घेतलं, आणि नाही म्हणाल्या नाहीत. हे पुढे त्यांना फार लागलं, की तिथल्या तिथे नाही म्हणता आलं असतं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मुलाला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, सही करून टाक. आपण काय जगाचा मक्ता घेतलाय?"

परतीच्या बसमध्ये त्यांनी स्वतःची समजूत घातली. सून आहे तरुण, लोक चार दिवस हसतील, पाचव्या दिवशी विसरतील. आपण आता दुसरी नोकरी कुठे शोधायची, कोण देणार. कोर्टात उभं राहायचं तर पाय लटपटतात. आणि कापायचं थांबणार आहे थोडंच? आपण नाही तर दुसरी. अशी एकेक वीट रचत घराजवळच्या थांब्यापर्यंत त्यांची भिंत पुरी झाली. उद्या सही करायची, ठरलं.

इमारतीच्या दारावरचा कागद फाटलेला होता. जिन्याखाली खोकी. पाच नाही, दहा नाही, भिंतीला लागून दोन रांगा. पार्सलवाला अजून आणतच होता आणि केकवाली, नर्स, वकीलबाई आणि आणखी चौघी-पाचजणी आपापली नावं शोधत होत्या. ज्या टेबलावर मास्तरीणबाई रविवारी बसत त्या टेबलावर खोकी फोडणं चाललं होतं. त्यांना बघून सगळ्यांनी खोक्यांत माना घातल्या. वकीलबाई तेवढ्या म्हणाल्या, "मला तर पहिल्यापासून शंका होतीच. पोरीला मिरवायची हौस, दुसरं काय. फोटो आला ना पेपरात."

मास्तरीणबाईंना काही उमजेना. त्या वर गेल्या. सून भांडी घासत होती. ओट्यावर एकही खरकटं भांडं नव्हतं, सगळी स्वच्छच होती, तरी घासत होती. त्यांनी विचारलं, खाली काय चाललंय.

सुनेने नळ बंद केला नाही. पाठ करूनच म्हणाली, "मी गटावर लिहिलं. की ती गोष्ट खरी नव्हती. ऐकीव होती, मी मीठमसाला लावला. माफ करा म्हणून लिहिलं."

"का?"

"ह्यांचा फोन आला दुपारी. तुमची नोकरी जाईल म्हणाले. कोर्टात नेतील म्हणाले." मग ती वळली. डोळे सुजले होते. "मला काय होतंय, आई. लोक चार दिवस हसतील. आता तुम्हाला सही करायला नको. मीच खोटी पडले तर तुमच्याकडे कागद कशाला मागतील?"

मास्तरीणबाई तिथल्या स्टुलावर बसल्या. लोक चार दिवस हसतील, हे अगदी त्यांचेच शब्द. बसमध्ये त्या पोरीच्या गळ्यात ते घालायला निघाल्या होत्या, आणि पोरीने आपणहून घालून घेतले होते. ती त्यांना वाचवायला खोटी झाली आणि त्या तिला खोटी पाडून वाचायला निघाल्या होत्या. पर्समधला कागद त्यांना मांडीवर निखारा ठेवल्यासारखा वाटला. जन्मात एवढी शरम त्यांना कशाची वाटली नव्हती. आणि शरमेच्या मागून जो राग आला तो बसमधल्या रागासारखा नव्हता. तो अगदी थंड होता आणि कुणावर आहे हे त्यांना नीट माहीत होतं.

त्यांनी मोबाइल मागून घेतला आणि सुनेचं लिहिलेलं वाचलं. खाली उत्तरं आली होती. कुणी हसरे चेहरे टाकले होते. एकीने लिहिलं होतं, पाच आठवडे उगाच उपास घडवलास. आणि कंपनीने सगळ्या इमारतीला एक निरोप पाठवला होता, तो कुणीतरी आनंदाने तिथे डकवला होता: तुमची फार आठवण आली. आजच्या दिवस सगळं अर्ध्या किमतीत, चार तासांत घरपोच.

मास्तरीणबाई उठल्या. शिवणाच्या डब्यातून मोठी कात्री काढली. सून घाबरली, म्हणाली, आई, कुठे निघालात. त्या म्हणाल्या, नळ बंद कर आणि खाली ये.

जिन्याखाली खोकी फोडणं रंगात आलं होतं. केकवालीने आपल्या मुलीसाठी एक पिवळा फ्रॉक मागवला होता, तीन मापांत, आणि तिन्ही टेबलावर पसरून बघत होती. मास्तरीणबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ह्यातले दोन परत जाणार ना?"

"हो, बसेल तो ठेवणार," केकवाली म्हणाली. "छान आहे ना रंग?"

"छान आहे." त्या बाकीच्यांकडे वळल्या. "आता मी काय सांगते ते ऐका, आणि मग हसायचं असेल तर हसा. माझी सून ऐकीव बोलली नव्हती. तिला मी सांगितलं. कपडे मीच कापते. ह्या हातांनी, रोज चारशे. तुम्ही रविवारी ज्या हातांकडून टाके घालायला शिकलात त्याच हातांनी सोमवारी मी तुमचेच परत पाठवलेले कपडे फाडत होते. तोंड उघडायचं नाही अशी माझी सही आहे. आणि ही खोटारडी आहे, अशी दुसरी सही मी उद्या करणार होते. हो, करणार होते. ही मेली मला वाचवायला स्वतः खोटारडी झाली, आणि तुम्ही चार तासांत खोकी मागवलीत."

जिन्यावर सून येऊन उभी होती, ओल्या हातांनी.

वकीलबाईंनी घसा साफ केला. "अहो, पण हे असं सगळ्यांसमोर बोललात, तुमची नोकरी..."

"गेली. आत्ता बोलले तेव्हाच गेली. टेबल काही रिकामं राहत नाही, परवा दुसरी कुणी येईल कापायला. माझ्यासारखीच नडलेली असेल, तिला दोष देऊ नका. तिच्यासमोर काय येऊन पडायचं ते तुम्ही ठरवता."

मग त्यांनी कात्री मुठीकडून केकवालीपुढे धरली.

"जे दोन नको आहेत ते इथेच काप. तिकडे जाऊन तेच होणार, निदान गाडीचा हेलपाटा वाचेल."

केकवाली आधी हसली. मास्तरीणबाई हसत नाहीत हे बघून थांबली. सगळ्याजणी आपल्याकडे बघताहेत म्हणून असेल, किंवा आपण भित्र्या नाही हे दाखवायला असेल, तिने कात्री घेतली. सगळ्यात लहान फ्रॉक पुढे ओढला. कुठे कापू, असं तिने विचारलं.

"छातीवर. आडवा. मग बाह्या."

केकवालीने पातं कापडाला लावलं. फ्रॉकच्या गळ्याला पांढरी पट्टी होती आणि पुढे दोन छोटे खिसे. तिने एकदा दाबून बघितलं, पातं निसटलं. पुन्हा लावलं. नर्सने तोंड फिरवलं. वकीलबाई आपल्या उघडलेल्या खोक्याकडे बघत राहिल्या. बराच वेळ गेला. शेवटी केकवालीने कात्री टेबलावर ठेवून दिली.

"नाही हो होत मला," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "नवा आहे. कुणीतरी घातला असता."

"मलासुद्धा पहिल्या दिवशी झालं नव्हतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवसापासून व्हायला लागलं."